बडोद्यात नवीन आलात? कोणी आजारी पडायच्या आधी सरकारी दवाखाना असा गाठून ठेवा

आम्ही धुळ्याकडून बडोद्याला आलो तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता, ह्यांना मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, काम लागलेलं, तरसालीच्या पुढे एक खोली घेतली, आणि मला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. लशीची तारीख आली म्हणून विचारत विचारत एका सेंटरवर गेले. खिडकीवरच्या बाई कार्ड बघून म्हणाल्या, काले आवजो. मला वाटलं त्या म्हणतायत काल यायचं होतं, म्हणजे आपली तारीख गेली, आता काही होणार नाही. रस्त्यात रडले, घरी आले आणि पुढचा सव्वा महिना परत गेलेच नाही. खरं म्हणजे त्या उद्या या म्हणत होत्या. गुजरातीत काले म्हणजे उद्या पण आणि काल पण, वाक्यावरून समजून घ्यायचं. एका शब्दापायी माझ्या पोराची लस एवढी लांबली.

त्यानंतर आमच्या चाळीत जळगाव, नंदुरबारची किती घरं आली, दाहोदची आली, यूपी-बिहार, ओडिशाची आली, आणि जवळपास प्रत्येकीचं पहिलं वर्ष तसंच गेलं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते. मी डॉक्टर नाही, नर्स पण नाही, हे सगळं चकरा मारून शिकलेलं आहे.

१. पहिल्याच आठवड्यात आपलं सेंटर शोधा, कोणी आजारी नसताना

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सामान लावलं, गॅस आला, शाळा बघितली, पण दवाखाना मात्र रात्री दोनला पोरगं तापल्यावर शोधायचा. मग जे उघडं असेल तिथे जातो आपण, आणि पहिल्याच फटक्यात हजार-दीड हजार जातात.

शहरात ज्याला आपण प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याला इथे लोक यूपीएचसी किंवा नुसतं अर्बन सेंटर म्हणतात. सरकारने २०१३ साली शहरांसाठी वेगळं आरोग्य मिशन सुरू केलं, त्यात साधारण ५० हजार लोकवस्तीमागे एक असं हे केंद्र धरलंय, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नसणार. ही सेंटरं महानगरपालिका चालवते, ती इथे सेवासदन म्हणून ओळखली जाते. बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असंही लिहिलेलं असतं. नाव वाचून मंदिर समजून पुढे जाऊ नका, माझ्या जावेने तेच केलं होतं.

शोधायचं कसं? रिक्षावाल्याला विचारू नका, तो सरळ सयाजीला, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेऊन सोडेल. जवळच्या आंगणवाडीत जा आणि विचारा, आपणुं अर्बन सेंटर क्यां छे? आंगणवाडीच्या बेनला (ताईला) नक्की माहीत असतं, कारण तिचं कामच त्यांच्याबरोबर असतं. मग एकदा स्वतः चालत जाऊन या. दारावरच्या बोर्डाचा फोटो काढा, ओपीडीची वेळ, लशीचा दिवस, सगळं त्यावर असतं. वेळा प्रत्येक सेंटरच्या थोड्या वेगळ्या असतात आणि बदलतात, म्हणून कोणी सांगितलेल्यापेक्षा बोर्डाचा फोटो बरा.

२. आशाबेनला घर दाखवा

हे मी दुसऱ्या नंबरवर लिहिलंय पण मनात पहिलंच आहे. शहरात २०० ते ५०० घरांमागे एक आशा असते. तुम्ही नवीन भाडेकरू, तुमचं घर तिच्या यादीत नाही, म्हणजे पोलिओचा दिवस, लशीचा निरोप, गरोदरपणाची नोंद, काही तुमच्यापर्यंत येणार नाही. आणि ती दारात येते ती नेमकी दुपारी, आपण कामावर असतो, कुलूप बघून जाते. असं करत करत वर्ष जातं.

तर आंगणवाडीतूनच आशाबेनचा नंबर घ्या, तिला फोन करा आणि सांगा की आम्ही नवीन आहोत, घरात अमुक वयाची मुलं आहेत, कोणी गरोदर आहे, कोणाला बीपी शुगर आहे. माझी आशाबेन पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने मोठी वही काढली, माझं नाव विचारलं, सासूबाईंचं विचारलं, मुलाचं कार्ड हातात घेऊन तारखांवर बोट फिरवत बसली आणि एका ठिकाणी थांबली. त्या राहिलेल्या लशीवर. मी मान खाली घातली. ती काही बोलली नाही, फक्त वहीच्या कोपऱ्यात बुधवार लिहिलं आणि बुधवारी सकाळी स्वतः दारात उभी राहिली.

भाषेची भीड असेल तर हिंदीत बोला, चालतं. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी ह्या जुन्या भागात तर मराठी समजणारं कोणी ना कोणी भेटतंच, गायकवाडांच्या काळापासूनची मराठी घरं आहेत तिथे. बाहेरच्या नवीन वस्त्यांत ती सोय नाही, तिथे आशाबेन हाच आधार.

३. कागदांची पिशवी

एक जाड प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी घ्या आणि त्यात हे ठेवा:

- घरातल्या सगळ्यांचे आधार, गावचा पत्ता असला तरी चालेल
- मुलांचं लसीकरण कार्ड, महाराष्ट्रातलं असेल तेच (इथे त्याला ममता कार्ड म्हणतात)
- जुने केसपेपर, रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पट्टी
- आयुष्मान कार्ड असेल तर ते, ईएसआयचं (कामगार विम्याचं) असेल तर ते
- भाडेकराराची किंवा लाइटबिलाची झेरॉक्स
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- एक वही आणि पेन

प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलवर काढून नवऱ्याला किंवा बहिणीला पाठवून ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात खाटेखालची पेटीच बुडाली, पोरीचं लशीचं कार्ड लगदा होऊन गेलं. तिच्या बहिणीच्या फोनमध्ये फोटो होता म्हणून निभावलं. आणि कार्डावर जो आरसीएच नंबर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदीचा नंबर, असतो तो वहीत वेगळा लिहून ठेवा.

एक लक्षात घ्या. गुजरातचा पत्ता नाही म्हणून लस देणार नाही, तपासणार नाही, असं नसतं. पोराची लस, गरोदर बाईची तपासणी, तापाची गोळी ह्याला पत्ता आडवा येत नाही. कोणी म्हटलंच तर भांडू नका, तिथल्या मेडिकल ऑफिसरना भेटायचंय म्हणा, किंवा आशाबेनला फोन लावून द्या. पत्ता लागतो तो योजनांना, ते पुढे सांगते.

४. हे शब्द आधी पाठ करा

गुजराती आणि मराठी बहिणी आहेत म्हणून आपल्याला वाटतं समजतंय सगळं, आणि तिथेच घोटाळा होतो. अगदी वेगळी भाषा असती तर आपण विचारलं तरी असतं.

ताप. आपण म्हणतो बाळाला ताप आहे. इथे ताप म्हणजे सहसा ऊन, उष्णता. तापाला इथे ताव म्हणतात. ताव आवे छे, असं सांगा.

जुलाब. इथे जुलाब म्हणजे पोट साफ व्हायचं औषध. आपल्या जुलाबाला इथे झाडा म्हणतात. झाडा थया छे. हे उलटं सांगितलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

रसी. लशीला रसी म्हणतात, आणि जखमेतल्या पूलाही रसीच. पाटीवर रसीकरण दिसलं की तो लशीचा विभाग.

बारी. आपल्याला वाटतं बारी म्हणजे पाळी, नंबर. इथे बारी म्हणजे खिडकी. केसबारी म्हणजे केसपेपरची खिडकी, दवाबारी म्हणजे औषधाची. मी एकदा माझी बारी येईल म्हणून बाकावर तासभर बसून राहिले होते, त्या मला खिडकीवर जा म्हणत होत्या.

बाकीचे पटपट सांगते: खोकला म्हणजे उधरस, सर्दी म्हणजे शरदी, सूज म्हणजे सोजो, खाज म्हणजे खंजवाळ, जळजळ म्हणजे बळतरा, कावीळ म्हणजे कमळो, गोवर म्हणजे ओरी, कांजिण्या म्हणजे अछबडा, कुत्रा चावल्यावरचा रोग हडकवा, बाळंतपण म्हणजे सुवावड. दम लागत असेल तर श्वास चडे छे म्हणा. सलाइनला बाटलो.

गोळ्यांचं नीट ऐका. जम्या पछी म्हणजे जेवल्यावर, जम्या पहेला म्हणजे जेवायच्या आधी, भूख्या पेटे म्हणजे रिकाम्या पोटी. सवारे, बपोरे, सांजे, राते. अडधी म्हणजे अर्धी आणि दोढ म्हणजे दीड. दोढ ऐकून कोणी दोन समजतं, म्हणून बोटाने किंवा गोळी तोडून विचारा. मी तर दवाबारीवरच पेन पुढे करते आणि पट्टीवर सूर्य-चंद्र काढून घेते, सूर्य म्हणजे सकाळ आणि चंद्र म्हणजे रात्र. दवाबारीवरच्या भाईंनी कधी नाही म्हटलं नाही.

वाचायचं झालं तर गुजराती म्हणजे वरची रेघ काढलेली देवनागरी समजा, अर्धं तर लगेच जमतं. क, ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरं वेगळी आहेत, ती आधी शिका. आणि आकड्यांत गुजराती पाच आपल्या प सारखा दिसतो. तारखेत प दिसला तर तो पाच.

५. पहिल्या दिवशी काय होतं

सकाळी वेळ सुरू व्हायच्या थोडं आधी पोचा. केसबारीवर नाव, वय, मोबाइल सांगून केस काढायचा, त्याला केस कढाववो म्हणतात. आभा नंबर, म्हणजे तो १४ आकडी आरोग्य नंबर, विचारतील, असेल तर सांगा, नसेल तर आधारवरून तिथेच काढून देतात, नाही म्हणून परत फिरू नका. मग डॉक्टर, मग लागली तर लॅब, मग दवाबारी.

डॉक्टरांसमोर आपल्याकडे दोन-तीन मिनिटंच असतात, गर्दी असते, त्यांनाही इलाज नसतो. म्हणून वहीत आदल्या रात्री तीनच ओळी लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, आधी कोणती गोळी घेतली. माझ्या सासूबाई डॉक्टरांपुढे आधी गावची सगळी हकीकत सांगायच्या आणि गुडघ्याचं राहून जायचं, आता मी वही पुढे करते.

हिमोग्लोबिन, शुगर, लघवी, मलेरिया अशा साध्या तपासण्या आणि रोजची औषधं तिथेच फुकट होतात. ३० च्या पुढे वय असेल तर बीपी आणि शुगर न विचारता तपासून घ्या, निघाली तर महिन्याच्या महिन्याला गोळ्या तिथूनच मिळतात.

सापळा कोणता, तर सेंटर बंद दिसलं की शेजारच्या गल्लीतल्या डिग्री नसलेल्या माणसाकडे जाऊन बाटलो चढवून येणं. अंग दुखतंय, बाटलो चढवा, थकवा आलाय, बाटलो चढवा. आमच्या चाळीत एका काकांना असं तीन दिवस केलं आणि नंतर निघाला टायफॉइड. भिंतीवर डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर दिसत नसेल तर तिथून उठून या, लाज कसली त्यात.

६. पोरांच्या लशी आणि बाळंतपण

लशीचा दिवस बहुतेक बुधवार, त्याला इथे ममता दिवस म्हणतात, आंगणवाडीत किंवा सेंटरवर असतो. वेळापत्रक देशभर एकच आहे: जन्मल्यावर, मग ६, १०, १४ आठवडे, ९ महिने पूर्ण झाल्यावर, १६ ते २४ महिन्यांत, आणि ५ वर्षांनंतर बूस्टर. म्हणून धुळ्यात दिलेली लस इथे मोजली जाते. आणि हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं जमलं असतं तर: एखादी लस राहिली तर सगळं पहिल्यापासून करायचं नसतं, राहिलंय तिथून पुढे चालू होतं. ओरडतील म्हणून जायचं टाळू नका. माझ्या पोराला सव्वा महिना उशिरा दिली, पुढचं सगळं व्यवस्थित झालं.

गरोदर असाल तर पाळी चुकल्यावर लगेच नोंद करा, पहिल्या तीन महिन्यांत. गावाला बाळंतपणाला जाणार असाल तरी इथे नोंद करा, कारण ते सहा-सात महिने तर तुम्ही इथेच असणार ना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी डॉक्टरांकडून गरोदर बायकांची खास फुकट तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून ती चुकवू नका. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५ हजार हप्त्याने मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार, पण बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि ते बाईच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, इथे निम्म्या जणींचं अडतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी फुकट, आणि घरी सोडायला खिलखिलाट नावाची गाडी येते. तिचे पैसे द्यायचे नसतात.

७. कार्डांचा घोळ

आयुष्मान कार्ड हे ओपीडीचं कार्ड नाही. खोकल्याला चालत नाही, ॲडमिट झाल्यावर चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. महाराष्ट्रातलं आयुष्मान कार्ड गुजरातमध्ये यादीतल्या दवाखान्यात चालतं. पण महात्मा फुले योजनेत आहोत म्हणजे आयुष्मानमध्ये आहोतच असं धरू नका, केंद्राच्या यादीत नाव आहे का ते १४५५५ वर फोन करून आधीच विचारून घ्या. घरात ७० च्या पुढचं कोणी असेल तर उत्पन्न न बघता त्यांचं कार्ड निघतं, २०२४ पासून, फक्त आधार लागतं.

गुजरातचं स्वतःचं मा कार्ड आयुष्मानला जोडलंय आणि त्यात मर्यादा १० लाख आहे. त्यासाठी मात्र इथलं रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे इथे कायम राहायचं ठरलं की मगच त्यामागे लागा.

आता जीआयडीसीवाल्यांनी हे नीट वाचा. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये असेल तर तुम्ही आणि तुमचं घर ईएसआयच्या दवाखान्यात दाखवू शकता, साधी ओपीडी पण. गोत्रीला त्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. पगारातून ०.७५ टक्के कापतात. ह्यांचे कापले जात होते आणि आम्हाला वर्षभर पत्ताच नव्हता, कारण कॉन्ट्रॅक्टरने कार्ड दिलंच नाही, आम्ही मागितलंच नाही. पगाराची पावती बघा, त्यावर ईएसआयची रक्कम असेल तर आयपी नंबर, म्हणजे आपला विम्याचा नंबर, मागा, आणि त्यात बायको-मुलांची, आईवडिलांची नावं घातली आहेत का ते बघा. दुसरी कंपनी धरली तरी नंबर तोच राहतो, नवीन काढू देऊ नका.

८. मोठ्या दवाखान्यात कधी जायचं

सयाजी म्हणजे एसएसजी हॉस्पिटल, त्यातच बायकांसाठी रुक्मिणी चैनानी विभाग आहे, मांडवीला जमनाबाई आणि गोत्रीला मेडिकल कॉलेजचं. सर्दी-खोकल्याला तिथे गेलात तर दिवस जातो. सेंटरवरून चिठ्ठी घेऊन गेलात तर कुठल्या विभागात जायचं ते तरी लिहिलेलं असतं.

पण छातीत दुखलं, अर्धं अंग लुळं पडलं, पोराला झटका आला, गरोदर बाईला रक्त जायला लागलं, तर सेंटर नाही, चिठ्ठी नाही, सरळ १०८. फोनवर हिंदीत सांगा आणि पत्त्यापेक्षा खूण सांगा, कोणतं मंदिर, जीआयडीसीचं कोणतं गेट, कोणती शाळा. चाळीचं नाव त्यांना सापडत नाही, एकाला मुख्य रस्त्यावर उभं करा.

कुत्रा चावला तर आधी १५ मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. इंजेक्शनं ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात आणि फुकट असतात. दोन घेऊन बरं वाटतंय म्हणून थांबतात लोक, थांबू नका.

९. गावी जायच्या आधी

दिवाळी, अक्षय्य तृतीया, लग्नसराई, आपण खानदेशातले लोक महिना महिना गावी जातो. बीपी-शुगरवाल्यांनी निघायच्या चार दिवस आधी सेंटरवर सांगून जास्तीच्या गोळ्या घ्या. बाळाची लस त्याच काळात येत असेल तर कार्ड सोबत न्या, गावच्या केंद्रात दिली की त्यावर तारीख आणि शिक्का मारून आणा.

टीबीचं औषध चालू असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं: एक दिवस पण तोडायचं नाही. निक्षय नंबर, म्हणजे टीबीच्या पेशंटचा नोंदणी नंबर, तुमच्या नावाने देशभर एकच असतो, सेंटरवर सांगितलं की ते तुमची नोंद गावच्या केंद्रात बदलून देतात आणि औषध तिथून फुकट मिळतं. पोषणासाठी महिन्याला १ हजार खात्यात येतात, २०२४ च्या नोव्हेंबरपासून, आधी ५०० होते. आमच्या मागच्या खोलीतला नंदुरबारचा मुलगा कोणाला कळू नये म्हणून न सांगता गावी गेला, तीन आठवडे गोळ्या नव्हत्या, परत आला तेव्हा जिना चढवत नव्हता त्याला. आशाबेननेच त्याला परत सेंटरवर नेलं आणि सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या. आता तो बरा आहे, कामावर जातो, आणि गावी निघाला की आधी तिला फोन लावतो.